कोर्टाने मध्यस्थीला पाठवलंय, जाऊ का?

वाचकाचं पत्र, थोडं आटोपतं करून :

“मी सोलापुरात साखर पेठेत राहतो, वय ५१. वडिलांनी दोन मागांपासून सुरुवात करून अक्कलकोट रोड एमआयडीसीत बारा यंत्रमागांचा कारखाना उभा केला. २०१४ साली ते गेले. मृत्युपत्र नाही. थोरला भाऊ, म्हणजे आमचा अण्णा, कारखाना चालवतो. हिशेब विचारला की म्हणतो, ‘तुला काय कळतंय बे धंद्यातलं?’ २०१८ ला मोठं भांडण झालं, मी कारखाना सोडला. आता दुसऱ्यांकडे मॅनेजर आहे. २०१९ ला वाटपाचा आणि हिशेबाचा दावा लावला. एकाच घरात खाली अण्णा, वर मी. जिन्यात समोरासमोर आलो तरी बोलत नाही. आई ७८ वर्षांची, खाली अण्णाकडे असते, तिला कोर्टाची पायरी चढायला लावायची नाही. बहीण भिवंडीला दिली आहे, ती काही मागणार नाही. वडिलांच्या नावाचा चादरीचा छाप (ब्रँड) अण्णा एकटाच वापरतो. त्यात भर म्हणजे एका सूतवाल्याचे ४ लाख ६० हजार आमच्या दोघांच्या सह्यांच्या जुन्या बिलांवर बाकी आहेत, तोही कोर्टात जाईन म्हणतो. मागच्या तारखेला न्यायाधीश साहेबांनी प्रकरण मध्यस्थीला पाठवलं. ओळखीतले म्हणतात, ‘मध्यस्थीला गेलास म्हणजे केस कमजोर आहे असं कबूल केलंस.’ कोणी सुचवतं, अण्णाने खोटी सही केली असा आरोप घाल, मग तो वठणीवर येईल. तिथे मी काही बोललो तर ते उद्या माझ्यावरच उलटेल का? पंच बसवणं आणि हे यात फरक काय? जाऊ का नको?”

नमस्कार.

तारीख जवळ आली आहे म्हणून शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. जा. केस कमजोर पडेल ही भीती मनातून काढून टाका, कारण मध्यस्थीच्या खोलीत निकाल देणारं कोणी नसतंच. साक्ष होत नाही, उलटतपासणी होत नाही, कोण खरं कोण खोटं हे कोणी ठरवत नाही. तुमचा दावा जिथे आहे तिथेच राहतो. मध्यस्थी फसली तर पुढच्या तारखेला तुम्ही त्याच न्यायालयात, त्याच टप्प्यावर उभे असाल. साहेबांनी प्रकरण पाठवलं ते दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ खाली. तुमची बाजू लंगडी दिसली म्हणून कोणी पाठवत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या ‘अॅफकॉन्स’ निकालात कोणती प्रकरणं मध्यस्थीला योग्य हे सांगितलं, त्यात घरातले तंटे आणि वाटपाचे दावे स्पष्टपणे आहेत. तुमच्यासारख्या दाव्यात पाठवणं हीच रीत आहे.

पंचांची गोष्ट वेगळी. आपल्या पेठांमधून पूर्वी समाजातली चार वडीलधारी माणसं बसायची, दोघांचं ऐकायची आणि मग सांगायची, ‘असं करा.’ त्या ‘असं करा’मध्ये वजन असायचं, कधी शहाणपण असायचं आणि कधी नुसता दबावही असायचा. ऐकलं नाही तर लग्नाकार्याला बोलावणं बंद. समाजातून असं वाळीत टाकणं आता महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्याने गुन्हा आहे. लवाद घ्या, तोही निवाडाच देतो. लोकअदालतीत बहुतेकदा तडजोड आधी झालेली असते, तिथे तिच्यावर मोहोर बसते. दिवसभरात शेकडो प्रकरणं असतात, तिथे सात वर्षांचं मनातलं कोण ऐकणार? मध्यस्थ मात्र ‘असं करा’ म्हणत नाही. म्हटलं तर तो चुकला असं समजा. तो वकील असेल किंवा निवृत्त न्यायाधीश, प्रशिक्षण घेतलेला असतो (साधारण चाळीस तासांचं असतं ते), आणि तुमच्या दाव्याशी त्याचा काही संबंध नसतो. न्यायालयातून पाठवलेल्या मध्यस्थीला तुम्हाला वेगळी फीही भरावी लागत नाही. पहिल्या दिवशी तो नियम सांगेल, मग दोघांना एकत्र बसवून ऐकेल, मग एकेकाला वेगळं बोलावेल. त्या वेगळ्या बैठकीत तुम्ही सांगितलेलं तुमच्या परवानगीशिवाय अण्णांपर्यंत पोचत नाही. वकील सोबत असू शकतात, पण बोलायचं तुम्ही.

आणि तिथलं बोलणं उलटतं का? नाही. हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक पक्षकार विचारतो, म्हणून नीट सांगते. समजा तुम्ही तिथे म्हणालात, ‘अण्णाने हिशेब दाखवला तर मी एखादा माग कमी घ्यायला तयार आहे.’ तडजोड झाली नाही. मग अण्णांचे वकील उद्या कोर्टात ‘वादीने मध्यस्थीत असं कबूल केलं होतं’ म्हणू शकत नाहीत. मध्यस्थाला साक्षीला बोलावता येत नाही. २०१० मधलंच ‘मोती राम विरुद्ध अशोक कुमार’ हे प्रकरण याच मुद्द्यावर आहे. तिथे सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की तडजोड झाली तर मध्यस्थाने फक्त सह्या केलेला करार पाठवायचा, आणि नाही झाली तर एवढंच कळवायचं, की यश आलं नाही. कोणी काय देऊ केलं, कोण अडून बसलं, यातला एक शब्द नाही. मी स्वतः वकिली करता करता अनेक वर्षं मध्यस्थाचं काम करते. दुसऱ्या घरांची उदाहरणं देऊन तुम्हाला धीर देणं सोपं गेलं असतं, पण त्या खोलीत ऐकलेलं मी इथे नाव बदलूनही सांगणार नाही. तुमचंही कोणी सांगणार नाही.

आमच्याच घरातलं मात्र सांगते, ते माझं आहे. माझे वडील आणि काका यांच्यात आमच्या जुन्या वाड्यावरून दावा चालला. एकोणीस वर्षं. मी शाळेत होते तेव्हा सुरू झाला आणि माझी वकिलीची सनद आल्यावर संपला. दोघांचाही निम्मा हिस्सा, हे कोणालाच नाकबूल नव्हतं! भांडण होतं आजीच्या आजारपणात कोणी किती केलं यावर, पण ते दाव्यात कुठे लिहिणार? शेवटी कोर्टाने नेमलेले कमिशनर येऊन मोजून गेले, वाड्याचे दोन सारखे तुकडे पडत नाहीत असा अहवाल झाला, आणि वाडा विकून पैसे वाटले गेले. तिसऱ्याच माणसाने घेतला. तोवर काका गेले होते. निकालात चूक काहीच नव्हती, जे मागितलं ते न्यायालयाने दिलं. माझा चुलतभाऊ आजही त्या गल्लीतून जात नाही.

तुमच्या दाव्याचा पुढचा रस्ताही असाच आहे, तो डोळ्यांसमोर ठेवा. वाटपाच्या दाव्यात आधी प्राथमिक हुकूमनामा होतो. तो फक्त सांगतो, कोणाचा हिस्सा किती. मग अंतिम हुकूमनाम्याचं काम, त्यासाठी कोर्ट कमिशनर, त्याची मोजणी, त्याच्या अहवालावर दोघांच्या हरकती. मधे कोणी अपिलात गेलं तर ते वेगळं. मग ताब्यासाठी दरखास्त, म्हणजे हुकूमनामा अमलात आणण्याचा अर्ज. आणि जी मिळकत फोडता येत नाही तिच्यासाठी १८९३ चा वाटणी कायदा आहे, म्हणजे विक्री करा आणि पैसे वाटून घ्या, किंवा एकाने किंमत मोजून दुसऱ्याचा हिस्सा घ्यावा. साखर पेठेतलं तुमचं वर-खाली घर, एकच जिना. ते कसं फोडणार? बारा मागांचे तीन-तीन माग करून कारखाना चालेल का, हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं.

तीन-तीन का म्हणाले, ते आता सांगते. इथे मी तुमच्याशी सहमत नाही. ‘बहीण काही मागणार नाही’ हे वाक्य तुम्ही लिहिलंय, बहिणीने नाही. मिळकत वडिलांनी स्वतः कमावलेली असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्याने आई, अण्णा, तुम्ही आणि तुमची बहीण, म्हणजे अक्का, असे चौघे सारखे वारस आहेत. प्रत्येकाचे चार आणे. वडिलोपार्जित म्हणून काही निघालं, तरी २००५ च्या दुरुस्तीने मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे आणि तो जन्मापासूनचा आहे. वडील २००५ ला हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही, हे विनीता शर्मा प्रकरणात २०२० साली पक्कं झालं आहे. म्हणजे दोघं भाऊ सहा-सहा मागांवरून भांडताय आणि कायद्याने त्यातले निम्मे तुमच्या दोघांचे नाहीतच. अक्का खरंच काही घेणार नसतील, तो त्यांचा मोठेपणा. पण तो त्यांनी स्वतः, समजून-उमजून, नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दाखवायचा असतो. भावाने गृहीत धरायचा नसतो. माझा अनुभव असा, की ‘ती काही मागणार नाही’ असं ज्या घरात म्हणतात, त्या घरात तिला कोणी विचारलेलंच नसतं.

त्यांना मध्यस्थीत बोलवा. अक्का दाव्यात प्रतिवादी असणारच, पण कागदावर नाव असणं निराळं आणि बोलायला जागा मिळणं निराळं. भिवंडीहून दर वेळी येणं जमत नसेल तर व्हिडिओ कॉलवर बसू देण्याची विनंती करता येते. त्यांना किंवा आईंना स्वतंत्र वकील हवा असेल, तर स्त्रियांना उत्पन्न न बघता तो मोफत मिळतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठायचं, किंवा १५१०० या क्रमांकावर विचारायचं. हे त्यांना तुम्हीच कळवलंत तर अक्का हा दावा पुन्हा वेगळ्या नजरेने बघतील.

आता छापाविषयी. पत्रात हिश्श्याबद्दल तुम्ही बरंच लिहिलंत, पण वडिलांच्या नावाच्या छापावर तुमचं एकच वाक्य आहे, आणि मला वाटतं दुखणं तिथे आहे. सोलापूरच्या माणसाला छाप म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. ‘सोलापुरी चादर’ या नावाला भौगोलिक मानांकन आहे, ते कोणा एका घराचं नाही. पण चादरीच्या कोपऱ्यावर शिवलेली ती चिंधी, तिच्यावरचं नाव, ते एका माणसाच्या आयुष्यभराचं असतं. गिऱ्हाईक दुकानात जाऊन तेच मागतं. तुमच्या दाव्यात तुम्ही वाटप मागितलंय आणि हिशेब मागितलाय. न्यायालय फार तर त्या छापाची किंमत काढील. दोघांनी तो कसा वापरावा, हे न्यायालयाने ठरवावं अशी मागणीच दाव्यात नाही. मध्यस्थीत मात्र ही गोष्ट टेबलावर ठेवता येते. चादरीला अण्णांनी वापरावा आणि टॉवेल-नॅपकिनला तुम्ही. किंवा दोघांनी वापरावा, पण खाली आपापलं नाव घालावं. किंवा ठरावीक वर्षं एकाने वापरून दुसऱ्याला दरसाल रक्कम द्यावी. छापाची नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते आधी पाहा. ती दर दहा वर्षांनी नूतन करावी लागते, आणि अशा भांडणात ती नूतन करायचीच राहून जाते. मग दोघांच्याही हातात काही उरत नाही.

खोट्या सहीच्या आरोपाबद्दल फार लिहीत नाही. सही खरोखर खोटी असेल आणि तसा कागद तुमच्या हातात असेल, तर तो आजच वकिलांना दाखवा. बनावट दस्त, फसवणूक असे गंभीर आरोप असलेली प्रकरणं मध्यस्थीला योग्य नाहीत असं त्याच अॅफकॉन्स निकालात म्हटलंय, तिथे न्यायालयाचा निकालच हवा. पण अण्णा वठणीवर यावेत म्हणून असला आरोप घालणार असाल, तर नका घालू. तो सिद्ध होणार नाही, आणि आरोप मागे घेता येतो, पण तो घातला होता हे अण्णा विसरणार नाहीत.

तयारी काय करायची? मध्यस्थीला पक्षकार रिकाम्या हाताने येतात, ‘बोलायचंच तर आहे’ म्हणून, आणि पहिल्या दोन तारखा कागद आणण्यातच जातात. साखर पेठेतल्या घरासाठी सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक घ्या, कोणाची नावं लागली आहेत ते पाहा. एमआयडीसीच्या प्लॉटसाठी भाडेपट्ट्याचा करार लागेल. तो प्लॉट मालकीचा नसतो, एमआयडीसीने भाडेपट्ट्याने दिलेला असतो. तुम्ही दोघांनी आपसात काहीही ठरवलंत तरी नाव बदलायला एमआयडीसीची परवानगी लागते, म्हणून तडजोडीत ती कोण काढणार आणि तिचा खर्च कोण भरणार हे लिहावंच लागेल. मागांची यादी करा : कोणते साधे, कोणत्यांना नक्षी विणायचं जेकार्ड, कोणते वडिलांच्या वेळचे, कोणते अण्णांनी नंतर घेतले. बँकेचं कर्ज, वीजबिलाची थकबाकी, जीएसटी कोणाच्या नावावर, हे सगळं एका वहीत उतरवा. आणि त्याच वहीत दुसऱ्या पानावर अण्णांच्या बाजूचं लिहा. वडिलांच्या आजारपणाचा खर्च कोणी केला? २०१४ नंतर कर्जाचे हप्ते कोणी भरले? लॉकडाऊनमध्ये माग बंद होते तेव्हा कामगारांना कोणी सांभाळलं? आई कोणाकडे जेवते? हे पान लिहिताना राग येईल. तरी लिहा. मध्यस्थ वेगळ्या बैठकीत तुम्हाला हेच विचारणार आहे, आणि पहिल्यांदा तिथे ऐकण्यापेक्षा घरी शांतपणे लिहिलेलं बरं.

हिशेबाचं एक सांगते. दहा वर्षांचा पैन् पैचा हिशेब अण्णा देऊ शकणार नाहीत. टाळायचं म्हणून नव्हे, आपल्याकडच्या यंत्रमागाच्या धंद्यात उधारी, कच्ची बिलं, आठवड्याची पगाराची रोकड यांचा हिशेब इतका जुना कोणीच ठेवत नाही. शेवटच्या तीन-चार वर्षांचे जीएसटीचे आणि आयकराचे विवरण मागा, ते असतातच. त्यावरून एक ठोक रक्कम निघते. ती बरोबर आहे का, हे दोघांना मान्य असलेल्या एका सनदी लेखापालाकडून पाहून घेता येतं. मध्यस्थीत अशी मदत घेता येते, आणि त्याची फी दोघांत.

अण्णा ओरडतील. सात वर्षांत बोलले नाहीत ते पहिल्या बैठकीत सगळं बोलतील, कदाचित ‘तुला काय कळतंय’ हेच परत. ओरडू द्या. मध्यस्थाचं कामच आहे ते थांबवायचं, योग्य वेळी वेगळं करायचं. तुम्ही उलट उत्तर देण्याऐवजी मध्यस्थाकडे बघून बोला. हे साधं वाटतं, पण उपयोगी पडतं. आणि तुम्हाला कधीही वाटलं की इथे दबाव येतोय, नातेवाइकांना आत घुसवलं जातंय, न वाचता सही मागितली जातेय, तर उठून या. मध्यस्थी सोडण्याला शिक्षा नाही. तारखेला अजिबात न जाणं मात्र टाळा, ते न्यायालयाला दिसतं.

जमलं, तर लिहिण्यात घाई करू नका. मी पाहिलेल्या बहुतेक मोडलेल्या तडजोडी भांडणाने मोडलेल्या नाहीत, अर्धवट लिहिल्यामुळे मोडल्या आहेत. ‘अण्णा योग्य ती रक्कम लवकरात लवकर देतील’ ही तडजोड नव्हे. किती रुपये, कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यावर, हप्ता चुकला तर व्याज किती, चेक परत आला तर काय, माग हलवायचे तर ते कोणी उतरवायचे आणि गाडीभाडं कोणाचं. जिन्याचा वापर, वरच्या मजल्याचं वेगळं वीजमीटर, गच्ची, पाण्याची मोटर. घरातली भांडणं पुन्हा पेटतात ती मोटरवरूनच. आई कुठे राहणार, त्यांच्या औषधपाण्याचं कोण बघणार, त्यांचा चार आण्यांचा हिस्सा त्यांच्याच नावावर राहणार का, हेही त्यात यायला हवं. वाटपाच्या हुकूमनाम्याला मुद्रांक शुल्क लागतं. दाव्यात नसलेली एखादी मिळकत तडजोडीत घेतलीत तर नोंदणीही लागते. म्हणून इथे तुमच्या वकिलांना पूर्ण काम द्या. काही वकिलांना मध्यस्थी आवडत नाही हे खरं आहे, पण चांगला वकील सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो तडजोड पुरसिस, म्हणजे दोघांच्या सह्यांनी न्यायालयात द्यायचा तडजोडीचा लेख, लिहिताना.

ती पुरसिस न्यायालयात दाखल झाली आणि साहेबांनी तिच्यावर हुकूमनामा केला, की तो इतर हुकूमनाम्यांसारखाच. अण्णांनी मोडला तर नव्याने दावा नको, थेट दरखास्त. पण त्याची दुसरी बाजूही आहे : संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नाही. फसवणूक, जबरदस्ती अशा कारणाने तडजोडच बेकायदेशीर ठरत असेल तर त्याच न्यायालयात दाद मागता येते, ‘माझं मन बदललं’ म्हणून नाही. तेव्हा मसुदा घरी आणा, दोन दिवस ठेवा, बायकोला वाचून दाखवा, मग सही. तडजोड लोकअदालतीपुढे ठेवून दावा निकाली काढला तर भरलेली कोर्ट फीही परत मिळते. ते कसं बसवायचं ते वकिलांना त्याच वेळी विचारा.

२०२३ च्या मध्यस्थी कायद्याबद्दल तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. त्यातली काही कलमं ९ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली, सगळा कायदा एकदम लागू केलेला नाही. तुमचं प्रकरण न्यायालयाने कलम ८९ खाली पाठवलंय, त्यासाठी तुम्हाला त्या नव्या कायद्याची वाट बघायची गरज नाही.

सूतवाल्याची भीती बाळगू नका, पण त्याला टाळूही नका. मालाच्या विक्रीचं येणं, रक्कम तीन लाखांच्या वर, म्हणजे तो वाणिज्यिक दावा होतो. असा दावा लावण्यापूर्वी मध्यस्थीला जाणं २०१८ पासून कायद्यातच आहे (मनाई हुकुमासारखा तातडीचा अंतरिम आदेश हवा असेल तेवढा अपवाद), आणि ती पायरी गाळून लावलेला दावा फेटाळला जातो, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये ‘पाटील ऑटोमेशन’ प्रकरणात ठरवलं. त्यामुळे तुम्हाला प्राधिकरणाकडून नोटीस येईल. आली तर ती फाडून टाकू नका, जा. पण त्याहून सोपं म्हणजे अण्णांबरोबरच्या तडजोडीतच हे ४ लाख ६० हजार कोण किती भरणार ते लिहून टाका आणि दोघांनी मिळून एकदा सूतवाल्याच्या पेढीवर जा. तुम्हा दोघांना एकत्र आलेलं बघून तो व्याजात काय सोडतो ते बघा.

राहिल्या आई. तुम्ही लिहिलंय, त्यांना कोर्टाची पायरी चढायला लावायची नाही. मला कळतं ते. पण सात वर्षं एक मुलगा वरून उतरतोय आणि एक खालून निघतोय, आणि त्या मधल्या उंबऱ्यावर बसल्या आहेत. त्या मालकांपैकी एक आहेत, नुसत्या आई नाहीत. त्यांना काय हवंय हे तुमच्या पत्रात कुठेच नाही, अण्णांच्या कैफियतीतही, म्हणजे दाव्याला दिलेल्या उत्तरातही, नसणार. तारखेच्या आधी एकदा खाली जाऊन त्यांच्याजवळ बसा. अण्णा घरात असले तरी. विचारा, ‘आई, तुला कुठे राहायचंय आणि तुझ्या वाट्याचं तू काय करणार?’ त्या काही म्हणाल्या तर दुरुस्त करू नका, समजावू नका. त्यांना यायचं असेल तर रिक्षा करून घेऊन जा, मध्यस्थांना आधी कळवा म्हणजे जिना चढायला लागणार नाही अशी खोली बघता येईल. यायचं नसेल तर त्यांनी सांगितलेलं वहीत त्यांच्याच शब्दांत उतरवून, त्यांना वाचून दाखवून न्या. आणि त्या आधी आज रात्री भिवंडीला फोन लावा.